शहबाला कुणी बांधलं नव्हतं

दूझ, ९ मे

लझहर,

सलाम घालत नाही. सलाम घातला की उत्तर देणं भाग पडतं, आणि तुझी ती सवय तीन आठवड्यांपूर्वीच मोडली. फोन वाजतो, वाजतो आणि बंद होतो. म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटला तरी माणूस आधी एकदा वाचतो.

बाबांना परवा गाबेसच्या इस्पितळातून घरी आणलं. तिथल्या नर्सला वाटत होतं, मुलगा येईल न्यायला. मी म्हटलं, मुलगा ट्यूनिसला असतो, फार मोठा माणूस आहे. शेवटी शेजारच्या अय्याशीला बरोबर घेऊन मीच गेले. बाबांच्या मानेला कडक पट्टा आहे, दोन महिने काढायचा नाही. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. चहाचा पेला डाव्या हाताने उचलतात आणि निम्मा जुब्ब्यावर सांडतात. वर मलाच सांगतात, 'पेला निसरडा आहे.'

घरी आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला, सांगू? 'लझहरने शहबाला नक्की कुठे पुरलं? मैलाच्या दगडाच्या अलीकडे की पलीकडे?' मला काय ठाऊक? इस्पितळाच्या व्हरांड्यात तू आपल्या कुत्रीचा गळपट्टा माझ्या हातात दिलास, 'जागीच गेली गं ताई, झाडाखाली पुरली' म्हणालास आणि खाली मान घालून निघून गेलास. तेव्हा मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता. तो हात आता मला धुवावासा वाटतो.

कारण काल न्हाव्याच्या दुकानातून अय्याशी ऐकून आला. तू मामांना फोनवर सांगितलंस म्हणे, की चालत्या गाडीत कुत्री तुझ्या अंगावर आली आणि म्हणून गाडी खड्ड्यात गेली. चोराच्या उलट्या बोंबा! बाबा शुद्धीवर होते, लझहर. कबिली सोडल्यावर रस्त्यावर सांडणी आली. तू एकशेवीसने हाणत होतास. तू कचकन ब्रेक दाबलास. बाबांना सीटचा पट्टा होता, तुला होता. मागच्या सीटवर शहबा नुसतीच उभी होती.

डॉक्टरांनी मला कागदावर रेघा ओढून समजावलं. गाडी थांबली, बाई, पण कुत्री थांबली नाही. ती त्याच वेगाने पुढे जात राहिली. चोवीस किलोचं जनावर त्या वेगाला चोवीस किलोचं राहत नाही. आणि पुढे बाबांची मान होती.

मी तुला सांगितलं होतं. दारात उभी राहून सांगितलं होतं, 'तिला बांध, सीटच्या पट्ट्याला अडकव.' तू हसलास आणि म्हणालास, 'ताई, सलूकी आहे ती, शिकारी कुत्री, शेळी नव्हे.'

बाबांना कायमचं ट्यूनिसला न्यायचा हट्ट तुझा. 'शहबा येणार असेल तर येतो' ही अट त्यांची. तुझ्या बायकोला, उल्फाला, कुत्री घरात नको होती, हे मला माहीत आहे. तरी तू बाबांना हो म्हणालास! मग नीट न्यायची होतीस.

कुठे पुरलीस तेवढं कळव. बाबांना तिथे जाऊन बसायचं आहे.

मबरूका


दूझ, २४ मे

लझहर,

ती जिवंत आहे.

हे वाचून तू कागद खाली ठेवला असशील तर उचल. माझ्या अंगाचा चार दिवस तिळपापड होतो आहे.

गाबेसच्या रस्त्यावर भाड्याची गाडी चालवणारा जमूर तुला आठवत असेल. शुक्रवारी तो माझ्या दुकानात आला. मी एका उंटाच्या खोगिराचा तंग शिवत होते. तो म्हणाला, 'मबरूका, कबिलीच्या पुढे चाळीस किलोमीटरवर एक धनगरीण बाई राहते. तिच्या दारात राखाडी सलूकी कुत्री बघितली. पुढच्या पायावर दोन डाग आहेत, आडवे.' माझ्या हातातला दाभण बोटात गेला. तापल्या सळईने असे दोन आडवे डाग आपल्या बाबांशिवाय कोण देतं?

बाबांना काही बोलले नाही. त्यांची जुनी टपाची गाडी काढली आणि निघाले. हो, मीच चालवली. चव्वेचाळिसाव्या वर्षी परवाना काढला तेव्हा तू म्हणाला होतास, 'रस्त्यावरच्या उंटांना आधी कळवा रे!' उंटांना माझ्यापासून अजून तरी काही झालेलं नाही.

बाईचं नाव तर्किया. साठीची असेल. दोन खोल्या, एक विहीर, तीस-बत्तीस शेळ्या. मी गाडीतून उतरले, आणि भिंतीच्या सावलीतून शहबा उठली. मागचा डावा पाय जमिनीला टेकत नव्हता. ती धावत आली नाही. उभी राहिली, नाक वर करून वास घेतला आणि मग असा आवाज काढला की मी तिथेच मातीत बसले.

तर्कियामावशींनी आधी चहा केला. चहा झाल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्यांचा नियम. मग मी विचारलं, 'ही तुम्हाला कशी मिळाली?'

'मिळाली कसली? टाकलेली होती. बाबाला अँब्युलन्समध्ये घातलं, ती गेली. मागे तो मुलगा आणि ही. मी शेळ्या घेऊन वरच्या अंगाला होते. मला वाटलं, उचलून नेईल. त्याने तिचा गळपट्टा काढला. पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे वाळूत ओतली.'

'वाळूत?'

'वाळूत. भांडं कुठलं? तेवढ्यात गाडी ओढायला ट्रक आला. हा त्यात चढला. ही तीन पायांवर मागे धावली, अगदी वळणापर्यंत.' मग त्यांनी पेला खाली ठेवला. 'रडत होता हो तो. मी खोटं नाही बोलणार. हुंदके देऊन रडत होता.'

मी म्हटलं, 'मावशी, रडणारा माणूस गळपट्टा काढत नाही.'

त्या म्हणाल्या, 'काढतो. कुणी ओळखू नये म्हणून काढतो. रडतो ते वेगळं.'

त्या गळपट्ट्यावर माझा फोन नंबर होता, लझहर. बाबांनी चामड्यावर स्वतः डागलेला. तो नसता काढलास तर मावशींनी त्याच संध्याकाळी मला फोन केला असता. त्यांनी खजुराच्या देठांच्या कामट्या लावून तिचा पाय बांधला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कबिलीचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, चालेल, पण सशामागे आता धावणार नाही.

तिला घेऊन लगेच यायचं होतं. गाडीचं दार उघडलं मात्र, तिच्या तोंडाला फेस आला. चारही पाय पसरून जमिनीला चिकटली आणि तिथेच मुतली. मी उचलायला गेले तर मला चावली. मला! आठ दिवसांची होती तेव्हा मी तिला बोटाने दूध चाटवलंय.

मावशी म्हणाल्या, 'जबरदस्ती कराल तर तुमच्या मागच्या सीटवर मोकळं वादळ असेल. मग तुम्हालाही इस्पितळ.'

हात हलवत परत आले. बाबांना अजून सांगितलेलं नाही, कारण ती जिवंत आहे हे सांगायचं तर तू काय केलंस तेही सांगावं लागेल. हे ओझंही तू माझ्याच डोक्यावर ठेवून गेलास.

उत्तर दे. नाही तर मी हे पत्र मामांना मोठ्याने वाचून दाखवीन, न्हाव्याच्या दुकानात.

मबरूका


तर्कियामावशींच्या घरून, १२ जून

लझहर,

तुझं पत्र अय्याशीने इथे आणून दिलं. बाबांजवळ तो आणि त्याची बायको आहेत. मी दहा दिवस इथे आहे.

चार ओळी लिहिल्यास. पहिली, उल्फा म्हणाली होती की कुत्री घरात आली तर मी माहेरी जाईन. दुसरी, बाबा मरतात की जगतात ते कळत नव्हतं, तिचा पाय लोंबत होता, मी काय काय सांभाळू? तिसरी, मला वाटलं ती रात्रीपर्यंत मरेल. ती तीन ओळींची रड मी वाचली आणि चुलीत घालणार होते. पण चौथी वाचली आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला.

'ताई, तू दारात आलीच नव्हतीस.'

दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग शिव्या संपल्या.

बरं, लिहिते. तुझ्यासाठी नाही. शहबा माझ्याकडे बघत बसलेली असते म्हणून लिहिते.

मी दारात आले नव्हते. तुला काहीही सांगितलं नव्हतं. 'शेळी नव्हे' हे तू कधी म्हणालाच नाहीस. ते मी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून रचलं, आणि इतक्या वेळा मनात घोकलं की मलाच खरं वाटायला लागलं. आदल्या रात्री आपण भांडलो होतो. तू म्हणालास, 'तुझ्याजवळ बाबांचं आयुष्य म्हणजे उंटाच्या दोरांत सडणं.' एकोणीस वर्षं मी त्यांचं केलं, लझहर. आईच्या शेवटच्या दुखण्यापासून. तू सणाला यायचास, मिठाईचा डबा घेऊन, आणि ते तुझ्या डब्याचं आठ दिवस कौतुक करायचे.

शहबासाठी मी छातीचा पट्टा शिवला होता. तुझ्याच प्रवासासाठी. बाबांनी सांगितलं होतं, 'ती कधी लांब गेली नाही, तिला काहीतरी कर.' उंटाच्या तंगाची रुंद पट्टी, आतून लोकरीचा मऊ नमदा, छातीवरून आणि खांद्यांमागून जाणारा, गळ्याला काहीच नाही. पाठीवर कडी आणि कडीतून सीटच्या पट्ट्याच्या खाचेत बसणारी आखूड वादी. आखूड, म्हणजे उठता-बसता येईल पण पुढच्या सीटपर्यंत पोचता येणार नाही. तयार होता. दुकानात खुंटीला लटकत होता. सकाळी तुझ्या गाडीचा हॉर्न ऐकला. दोनदा वाजवलास. मी शिवणयंत्रासमोर बसून राहिले. मनात म्हटलं, नेतोयस ना सगळं, मग तुझं तू बघ.

एवढंच. मला माफी नको आहे, आणि तुझी तर मुळीच नको. मी पट्टा दिला नाही, तू तिला टाकून दिलंस. ही दोन पापं वजनाला सारखी नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. पण तुला लिहिताना ज्या पायावर उभी होते तो पाय वाकडा होता, हे खरं आहे.

आता ती काय करते ते ऐक. बाबा आणि ती ज्यामुळे या अवस्थेला आली, ते गाडीत बसणं मी तिला रोज नव्याने शिकवते आहे.

पहिले दोन दिवस गाडीची चारही दारं उघडी टाकली आणि गाडीजवळ जवाच्या भाकरीचा दुधात भिजवलेला लगदा ठेवला. ती लांबून बघायची. मी गाडीत बसून शिवत बसायची, तिच्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशी भांडं गाडीच्या पायरीवर. चौथ्या दिवशी आत. तिने मान आत घातली, खाल्लं आणि पळाली. मावशी म्हणाल्या, 'मान गेली म्हणजे धड जाईल.' पाचव्या दिवशी पुढचे दोन पाय. सहाव्या दिवशी ती आपण होऊन चढली आणि मी दार लावलं नाही. लावायचा मोह झाला होता. मावशींनी लांबूनच बोट दाखवलं: खबरदार.

मग पट्टा. तो आधी अंगणातच घातला, गाडीपासून दूर. तो घालून शेळ्यांमागे हिंडली, झोपली. मग गाडीत पट्टा. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. ती थरथरली, मी बंद केलं. परत चालू. काल दहा पावलं गेलो. आज विहिरीपर्यंत जाऊन आलो.

तुला एक कुत्री दहा मिनिटं सांभाळता आली नाही. मला दहा दिवस लागले तिला फक्त एवढं पटवायला, की गाडी म्हणजे सोडून जाणारी वस्तू नव्हे.

अजून एक. तुझ्या शहरातल्या शहाण्या मित्रांनाही सांग. काच उघडून कुत्र्याचं डोकं बाहेर काढून फोटो टाकतात ना? इथल्या वाऱ्यात वाळू असते, डोळा जातो. आणि पाच मिनिटांत येतो म्हणून बंद गाडीत ठेवतात. मावशींचं घड्याळ दुपारी खिडकीत तापून चटका देतं. बंद गाडी म्हणजे भाकरीची भट्टी.

मबरूका


दूझ, २९ जून

लझहर,

आणली.

पहाटे पाचला निघाले, उन्हाच्या आधी. आदल्या संध्याकाळपासून तिला खायला दिलं नव्हतं, फक्त पाणी. भरल्या पोटी ती ओकते हे आता कळलंय. मावशींनी तिच्या दोन्ही कानांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, 'मुलाला सांगा, त्याने वाळूत ओतलेलं पाणी हिने चाटलं होतं. हिला काही राग नाही. राग तुम्हा माणसांना.' मी सांगायचं म्हणून सांगते. मला पटलेलं नाही.

साठ-सत्तरच्या वर गेले नाही. मागून येणारे हॉर्न मारत होते. एकाने काच खाली करून विचारलं, 'मावशी, गाडी ढकलताय का?' म्हटलं, 'तुझ्या वरातीला निघालेय, जा तू पुढे!'

कबिली दहा किलोमीटर राहिली असताना पुढच्या ट्रकमधून वाळलेल्या गवताचा एक अख्खा भारा रस्त्यावर पडला. मी ब्रेक दाबला. मागे वादी ताणल्याचा आवाज आला, कडी वाजली. लझहर, तो आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही. गाडी भाऱ्यापासून दोन हातांवर थांबली. मागे वळून बघायची हिंमत होईना. आरसा बघितला. ती सीटवर होती. पट्ट्यात अडकून, कान पाडून, धापा टाकत, पण सीटवर. माझ्या मानेवर काहीच आलं नाही.

गाडी कडेला घेतली. उतरले, आणि माळावर उभी राहून तुझ्या नावाने ओरडले. जे तोंडाला येईल ते. ट्रकवाला भारा उचलायला आला होता. त्याला वाटलं मी त्यालाच बोलतेय, तो हात जोडून माफी मागायला लागला. मग मी स्वतःच्या नावानेही ओरडले. तेव्हा तो भारा तिथेच टाकून गेला.

घरी बाबा अंगणात खजुराखाली बसले होते. मी दार उघडलं, कडी काढली. तिने उडी मारायला बघितलं. मारू दिली नाही, उचलून खाली ठेवली. ती तीन पायांवर आणि एका टेकत्या पायावर त्यांच्यापर्यंत गेली. बाबांना मान वळवता येत नाही. ते समोर बघत राहिले. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

मग म्हणाले, 'मबरूका, मला दिसतंय ते तुला दिसतंय का?'

'दिसतंय, बाबा.'

तिने त्यांचा उजवा हात चाटायला सुरुवात केली. मी विचारलं, 'कळतंय का काही?'

'नाही. पण बघायला बरं वाटतं.'

मग मी सांगितलं, सगळं. तू काढलेला गळपट्टा, वाळूतलं पाणी, मामांना सांगितलेली खोटी गोष्ट. माझा खुंटीवरचा पट्टा, दोनदा वाजलेला हॉर्न, माझी खोटी गोष्ट. एकही शब्द तुझ्या बाजूने कमी केला नाही, माझ्या बाजूने पण नाही. मला वाटलं, रडतील. मला वाटलं, तुला शाप देतील, आणि खरं सांगते, मला तो ऐकायचा होता.

ते म्हणाले, 'म्हणजे माझ्या दोन मुलांना मिळून एक कुत्री गाडीत नीट बसवता आली नाही.'

त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिच्याशी बोलत होते. आज सकाळी म्हणाले, 'लझहरला लिही. ओरडू नकोस, नुसतं लिही.' तर हे नुसतं लिहिते आहे. राग गेलेला नाही. तो जाणार नाही, निदान यंदा तरी नाही. मामांना मात्र खरं सांग, आणि ते तूच सांग.

पुढच्या शनिवारी बाबांना गाबेसला दाखवायचं आहे, मानेचा पट्टा काढायला. शहबाला घरी ठेवून ते येणार नाहीत, म्हणून तीही येते. गाडी मी चालवणार. पहाटे पाचला निघू. तुला यायचं असेल तर शुक्रवारी ये. पुढे बाबा बसतील. मागे ती, तिच्या पट्ट्यात, आणि तिच्याशेजारी एक जागा रिकामी आहे. तू तिथे बसायचंस. ती तुझ्याजवळ बसते की खिडकीकडे सरकते, ते तिचं ती ठरवेल. मी मध्ये पडणार नाही.

मबरूका